मुलांमधली भीती आणि मारामारी: वर्गात आणि घरी रोजच्या दहा मिनिटांत काय काय करता येतं

पालकांकडून मला दोन प्रश्न कायम येतात. एक, "मॅडम, हा सगळ्यांना मारतो हो, सांगून सांगून थकलो." आणि दुसरा, "शाळेची वेळ झाली की हिच्या पोटात दुखतं, डॉक्टर म्हणतात काही नाही." ऐकताना दोन वेगळी दुखणी वाटतात पण आतली यंत्रणा एकच आहे. धोका वाटला की शरीर तयारीला लागतं, छातीचे ठोके वाढतात, श्वास वरच्या वर होतो, स्नायू ताठ होतात, आणि मग एखादं मूल पळतं, एखादं हाणतं, एखादं जागच्या जागी थिजतं. वर्गात ज्याला आपण मारकुटा म्हणतो तो कित्येकदा आतून चांगलाच घाबरलेला असतो, म्हणून दोन्हींचं शिक्षण मी एकत्रच लिहितेय.

मी चौथी-पाचवीला शिकवते, त्यामुळे उदाहरणं ९ ते ११ वर्षांच्या मुलांची आहेत. भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द मानसशास्त्रात रुळला तो पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांच्या १९९० च्या लेखामुळे, आणि त्यांचं म्हणणं साधं होतं की भावना ओळखणं, समजून घेणं आणि सांभाळणं ही क्षमता आहे. क्षमता असेल तर ती सरावाने वाढते, गुणाकारासारखी. २०११ मध्ये अमेरिकेत जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी शाळांमधले असे २१३ कार्यक्रम एकत्र तपासले, त्यात मुलांची वागणूक तर सुधारलीच पण अभ्यासातली कामगिरीसुद्धा वर गेली. "पोर्शन कधी पूर्ण करायचा मग?" असं स्टाफरूममध्ये कोणी विचारलं की मी हेच सांगते.

आणि एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून ठेवा कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे शिकवायचं मूल शांत असताना. गावाकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला डबा बांधून, काठावर काका उभा असताना, पुरात ढकलून कोणी शिकवत नाही, पण रागाच्या बाबतीत आपण नेमकं पुरातच लेक्चर द्यायला जातो.

पहिला आठवडा: काही करू नका, नुसतं लिहा

शंभर पानी वही घ्या, तीन रकाने आखा. आधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच आपण विसरतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, खिचडीच्या रांगेत मागून धक्का लागला की वळून थेट ताटली हाणायचा. कितीतरी महिने मी त्याला बाहेर उभं केलं आणि प्रत्येक वेळी त्याचं उत्तर एकच, "त्याने मुद्दाम केलं." वही लिहायला लागल्यावर दिसलं की त्याच्या जवळजवळ सगळ्या मारामाऱ्या गर्दीत होतायत. खिचडीची रांग, पाण्याचा नळ, सुटायच्या वेळी दप्तर भरण्याची घाई. मोकळ्या मैदानावर तो कुणाच्या अंगाला हात लावत नव्हता. आणि तिसऱ्या रकान्यात काय, तर मी बाहेर उभं केलं की त्याची गर्दीतून सुटका व्हायची. म्हणजे मीच त्याला नकळत शिकवत होते की मारलं की सुटका होते. ते पान बघून मला फार वाईट वाटलं होतं.

दुसरी एक मुलगी, सोमवारी पोटात दुखायचं. वही म्हणाली की सोमवारी पहिला तास मराठीचा आणि त्यात प्रकट वाचन. घरी राहिली की दहा वाजेपर्यंत दुखणं गायब. ती खोटं बोलत नव्हती हं, भीतीने पोट खरंच दुखतं.

याच आठवड्यात साध्या गोष्टी पण तपासून घ्या. फळ्यावरचं दिसतं का, ऐकू नीट येतं का, सकाळी काही खाऊन येतं का, झोप किती होते, वाचताना अक्षरं अडतात का. वाचता न येणारं मूल वाचनाच्या तासाला दंगा करतं ते कित्येकदा लाज झाकण्यासाठी. आणि कोणी त्रास देतंय का हे तर पहिलं बघायचं. घाबरणाऱ्या मुलाला दोन मोठी पोरं रोज नळावर अडवत असतील तर त्याला श्वास शिकवत बसणं हा अन्याय आहे, आधी ते अडवणं थांबवा.

शब्द: इथे घाई करू नका, दोन-तीन आठवडे द्या

"कसं वाटतंय?" विचारलं की मुलं म्हणतात "बरं", "बोअर", नाहीतर "टेन्शन". संपलं. ज्या गोष्टीला नाव नाही ती सांगता येत नाही, मग ती हातापायातून बाहेर येते. मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं होतं की भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, त्याची हालचाल कमी होते.

आणि आपल्या मराठीत या बाबतीत केवढं धन आहे! मी फळ्याच्या बाजूला कार्डशीट लावते आणि रागाचा जिना काढते. खालच्या पायरीवर चिडचिड, मग वैताग, मग राग, वर संताप. भीतीचा वेगळा जिना, हुरहुर, धाकधूक, धास्ती, थरकाप. मग खट्टू होणं, हिरमोड, रुसवा, ओशाळणं, कानकोंडं होणं, घालमेल. रोज परिपाठ झाल्यावर एक शब्द घ्यायचा आणि "तुम्हाला असं कधी झालं?" एवढंच विचारायचं, पहिलं उदाहरण स्वतःचं द्यायचं. मी हिरमोड शब्दाला सांगितलं होतं की सहल ठरली आणि पावसाने रद्द झाली, त्यावर एक मुलगा म्हणाला, "माझा हिरमोड पप्पा येणार म्हणतात आणि येत नाहीत तेव्हा होतो." एरवी दिवसभर बेंच वाजवणारा मुलगा हा. वर्ग एकदम शांत झाला, मीही काही बोलले नाही, नुसती मान हलवली.

सांगणाऱ्यावर हसायचं नाही आणि वर्गात ऐकलेलं बाहेर चिडवायला वापरायचं नाही हे दोन नियम पहिल्या दिवशीच. ज्याला बोलायचं नाही त्याने "पास" म्हणायचं, जबरदस्ती अजिबात नको.

ज्यांच्या घरी अहिराणी, पावरी, कोकणी किंवा हिंदी बोलतात त्यांना त्यांचा शब्द विचारा आणि तोही चार्टवर लिहा. भावना आईच्या भाषेत आधी उमटते.

शरीराचा नकाशा

यासाठी वेगळा तास मागायची गरज नाही, वाक्प्रचार अभ्यासात आहेतच. फरशीवर खडूने एका मुलाची बाह्याकृती काढा, तो आडवा झोपतो आणि बाकीचे कडेने रेघ ओढतात, खूप मजा येते त्यांना. मग एकेक वाक्प्रचार त्याच्या जागी लिहायचा. पोटात गोळा येणं पोटावर, छातीत धस्स होणं छातीवर, हातपाय गार पडणं, तोंडचं पाणी पळणं, दातओठ खाणं, तळपायाची आग मस्तकात जाणं. आपल्या पूर्वजांनी शरीर किती बारकाईने बघितलंय ते या आकृतीवर दिसतं, कारण भीतीने तोंडाला कोरड खरंच पडते आणि बोटं खरंच गार होतात.

मग प्रत्येकाने वहीत लिहायचं, "मला राग येतो तेव्हा सगळ्यात आधी कुठे कळतं?" खिचडीच्या रांगेतल्या त्या मुलाने लिहिलं होतं, "कान गरम होतात." हे एक वाक्य मिळालं आणि पुढचं सगळं सोपं झालं, कारण कान गरम होणं आणि ताटली उचलणं यांच्यामध्ये दोन-तीन सेकंद असतात आणि आपल्याला काम करायला तेवढीच जागा मिळते.

सोबत ० ते १० ची पट्टी शिकवा. ० म्हणजे निवांत, १० म्हणजे स्फोट. लहान वर्गांना आकडे नकोत, गार-कोमट-उकळतं असं पाण्यावरून सांगा. सकाळी हजेरीला "हजर" ऐवजी आकडा म्हणायचा, ४० मुलांना तीन मिनिटं लागतात. कोणी सलग तीन दिवस ७ म्हणत असेल तर मधल्या सुट्टीत जवळ बोलवायचं.

शांत होण्याचा सराव

श्वास सोडताना ठोके थोडे मंदावतात, म्हणून श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं एवढं लक्षात ठेवा. ३ मोजत घ्यायचा, ५ मोजत सोडायचा. मुलांना मी सांगते, मोगऱ्याचं फूल हुंगा आणि मग गरम चहावर हळूच फुंकर मारा, चहा सांडता कामा नये. भ्रामरीचा गुणगुणाट पण चालतो, त्यात आपोआपच श्वास लांब सुटतो. रोज दोन मिनिटं, सलग दोन आठवडे, आणि या दोन आठवड्यांत भांडणाच्या वेळी तो वापरायची अपेक्षाच करू नका. डोळे मिटायला सांगू नका, ज्या मुलांनी काही वाईट बघितलंय त्यांना डोळे मिटले की जास्त भीती वाटते, समोरच्या फरशीवर नजर ठेवली तरी पुरे.

बसून जमत नाही अशा मुलांसाठी भिंत ढकलणं, तळवे एकमेकांवर दाबणं, हौदावर जाऊन तोंडावर पाणी मारणं. पण "राग आला की उशीला बडव" हा सल्ला कृपा करून देऊ नका. ब्रॅड बुशमन यांचा २००२ चा प्रयोग आहे, ज्यांना राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅग मारायला दिली ते आणखी चिडले आणि नंतर जास्त आक्रमक वागले. राग बाहेर काढल्याने संपतो हे खरं नाही, मारण्याचा सराव केला की मारणंच पक्कं होतं.

वर्गात एक शांत कोपरा करा. जुनी सतरंजी, पाण्याची बाटली, कोरे कागद, खडू, एवढं बास. तिथे मूल स्वतः जातं किंवा आपण हळूच सुचवतो, पाच-सात मिनिटं, मग परत. तो शिक्षेचा कोपरा होता कामा नये, एकदा जरी "जा, कोपऱ्यात बस!" असं ओरडलात तर तो कोपरा संपला. सुरुवातीला सगळे मजा म्हणून जातील, आठवड्याभरात नवलाई ओसरते.

मुद्दाम की चुकून?

आक्रमक मुलांबद्दल केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये एक फार कामाची गोष्ट मांडली. हेतू स्पष्ट नसलेली घटना, म्हणजे धक्का लागणं, डबा सांडणं, ही मुलं पटकन "मुद्दाम केलं" अशी वाचतात. म्हणजे हात उठायच्या आधी चूक वाचण्यात होते. मग शिकवायचं ते वाचणं.

याचा खेळ आहे. चिठ्ठ्यांवर प्रसंग लिहा: तुझ्या वहीवर पाणी सांडलं, दोघी बोलत होत्या आणि तू गेल्यावर गप्प झाल्या, मागून धक्का लागला. गटाने प्रत्येक प्रसंगाची तीन तरी कारणं शोधायची आणि त्यातलं एकच "मुद्दाम" असू शकतं. धक्क्याला मुलांनी काढलेली कारणं अशी होती: त्याला मागून कुणीतरी ढकललं, त्याची चप्पल तुटली होती, त्याला भूक लागली होती. आणि मग शेवटचा प्रश्न, "खरंच मुद्दाम असेल तर काय करायचं?" हाही हवाच, कारण कधीकधी ते खरंच मुद्दाम असतं आणि मुलांना ते माहीत असतं. अशा वेळी मोठ्याने, स्पष्ट, एका वाक्यात: "मला ढकलू नकोस." आणि तरी थांबला नाही तर बाईंना सांगणं म्हणजे चुगली नाही. हे वाक्य अभिनय करून दहा वेळा म्हणून घ्या, पुटपुटून उपयोग नाही.

त्या मुलाशी मी एक खूण ठरवली, कान गरम झाले की कानाला हात लावायचा, मला दिसलं की मी त्याला रांगेतून ताटं वाटायच्या कामाला बोलवायची. पहिल्या पंधरवड्यात दोनदाच जमलं. जमलं त्या दिवशी वर्गात कौतुक केलं नाही, सुटताना जवळ जाऊन म्हटलं, "आज कान ओळखलेस." मुलांना सगळ्यांसमोर सुधारल्याचं सर्टिफिकेट नको असतं.

भीतीची शिडी

भीतीचं वागणं उलटं असतं. टाळलं की लगेच बरं वाटतं आणि म्हणूनच ती वाढते. सोमवारी घरी ठेवलं की पुढचा सोमवार आणखी अवघड. पण एकदम ढकलणंही वाईट, "चल ऊठ, वाच, काही होत नाही" म्हणून उभं केलेली मुलगी रडली की भीतीला पुरावा मिळतो. यातली मधली वाट १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी दाखवली, सशाला घाबरणाऱ्या तीन वर्षांच्या पीटरला त्याच्या आवडीचं खाताना बसवायचं आणि ससा हळूहळू जवळ आणायचा, शेवटी तो सशाला हात लावायला लागला.

आमची वाचनाची शिडी अशी होती, आणि ती त्या मुलीनेच बनवली, मी फक्त विचारत गेले. आधी आईला घरी वाचून दाखवायचं. मग मधल्या सुट्टीत मला एकटीला एक ओळ. मग मैत्रिणीबरोबर दोघींनी एकाच वेळी वाचायचं. मग चार जणींच्या गटात. मग वर्गात जागेवर बसून दोन ओळी. मग उभं राहून एक परिच्छेद. सगळ्यात वर परिपाठात सुविचार. प्रत्येक पायरीला आकडा विचारायचा, ८ वरून ४ पर्यंत उतरला की पुढची पायरी, नाहीतर तीच पुन्हा, आणि पायरी अर्धवट सोडून पळायचं नाही, हवं तर छोटी करायची. चौथ्या पायरीवर आम्ही तीन आठवडे अडकलो होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर परत एक पायरी खाली उतरावं लागलं, हे असं होतंच, घाबरायचं नाही.

"काही होत नाही" ऐवजी मी म्हणायचे, "भीती वाटतेय ना, ४ आहे, तरी आपण दोन ओळी वाचू." भीती असताना काम करता येतं हे तिला कळायला हवं होतं.

आणि तरी स्फोट झालाच तर

त्या क्षणी शिकवणं बंद. बाकी मुलांना बाजूला करा, आवाज खाली आणा, समोर उभं न राहता थोडं तिरकं आणि हातभर अंतरावर थांबा. वाक्यं दोन-तीनच: "खूप चिडलायस. मी इथे आहे. मारू देणार नाही." का केलंस, कितीदा सांगितलं, आईला बोलावू का, यातलं काहीही नको. काही मुलांना निवळायला अर्धा तास लागतो, तोवर थांबा. कुणाला इजा होणार असेल तरच धरा, आणि तेही जेवढ्यास तेवढं.

निवळल्यावर तीन प्रश्न. काय झालं? कुणाला काय त्रास झाला? आता काय केलं तर थोडं बरं होईल? जबरदस्तीच्या "सॉरी"ने काही होत नाही, मुलं ते उद्धटपणे फेकतात आणि मोकळी होतात. त्या मुलाने एकदा सांडलेली खिचडी स्वतः पुसली आणि ज्याला मारलं त्याच्यासाठी दुसरं ताट आणलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मारणं चालणार नाही हे मात्र पक्कं ठेवा. सगळ्या भावना चालतात, सगळं वागणं चालत नाही. आणि आपल्यालाही तोच नियम, शाळेत मुलांना मारणं आणि मानसिक छळ करणं हे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार बंद आहे. छडी खाणारं मूल एवढंच शिकतं की मोठं झालं की मारता येतं.

घरी

पालकांना बोलवाल तेव्हा तक्रारीने सुरुवात करू नका, मुलाबद्दलची एक खरी चांगली गोष्ट आधी सांगा. मग वही दाखवा. बरेच बाबा म्हणतात, "मीच सांगितलंय, कुणी मारलं तर तू पण ठेवून दे." त्यांना वाद घालून पटत नाही, त्यांच्या लहानपणचं विचारलं की पटतं.

दुकानात पोरगं लोळतं, आपण नाही नाही म्हणतो आणि शेवटी मोबाईल देतो, म्हणजे लोळल्यावर मिळतं हे शिकवलं, आणि मिळाल्यावर ते गप्प झालं म्हणजे द्यायचं हे आपण शिकलो. जेराल्ड पॅटरसन यांनी या चक्रावर आयुष्यभर काम केलं. नाही म्हणायचं असेल तर ते पाळता येईल अशाच गोष्टीला म्हणा, थोड्याच गोष्टींना म्हणा.

आईबाबांनी स्वतःचा आकडा मोठ्याने सांगावा, "माझा आज ६ आहे, दहा मिनिटं गॅलरीत बसते मग बोलू." याच्याइतकं प्रभावी प्रशिक्षण दुसरं नाही. रात्री जेवताना मोबाईल लांब आणि "आज कशाची धाकधूक होती?" असा एक प्रश्न, उत्तर आलं की उपाय सांगायची घाई नको.

कधी पुढे पाठवायचं

आठ-दहा आठवडे नेटाने करूनही फरक नाही, किंवा मूल आठवडेच्या आठवडे शाळेत येत नाही, झोप-जेवण एकदम बदललंय, मुक्या जनावरांना इजा करतं, "मला जगायचंच नाही" असं म्हणतं, तर वर्गातल्या खेळांवर थांबू नका. शेवटचं वाक्य ऐकलं तर त्याच दिवशी पालकांशी बोला आणि मुलाला एकटं सोडू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास असतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवता येतं, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा वही घेऊन त्यांच्याशी बोला. मूल संकटात असेल तर चाईल्डलाईन १०९८. लैंगिक अत्याचाराबद्दल मुलाने काही सांगितलं किंवा तशी शंका आली तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आपण चौकशी करत बसायचं नाही, मुलाला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचं नाही.

एक काम एप्रिलमध्ये आठवणीने करा. जूनला वर्ग बदलतो, नवीन बाई येतात आणि त्यांच्या कानावर आधी "तो मारकुटा" हेच पडतं. मी प्रत्येक अशा मुलासाठी एक पान लिहून हातात देते. गर्दीत त्रास होतो, कान गरम होतात ही पहिली खूण, कानाला हात लावला की काम सांगा, ताटं वाटायला आवडतं, बाहेर उभं करू नका. आणि मुलीच्या पानावर: परिपाठात सुविचार वाचते, पण सुट्टीनंतरचे पहिले आठ दिवस तिला बसूनच वाचू द्या.